टोमॅटोचा डबा, सहा पाकळ्या लसूण आणि अर्धा तास

डब्यातल्या टोमॅटोचा इटालियन सॉस पहिल्यांदा केला तेव्हा मी हाताच्या सवयीनं गेलो. तेल कडकडीत तापवलं, ठेचलेला लसूण टाकला, चर्र झालं. लसूण तांबूस होऊन गडद व्हायला लागला तसा टोमॅटोचा डबा त्यात उपडा केला. वास तर झकास सुटला होता. पण पास्त्याचा पहिला घास घेतला आणि घशाशी एक कडवटपणा रेंगाळला, तो थेट ताट संपेपर्यंत. तिखट भुरभुरून पाहिलं, साखर घालून पाहिली. लसूण एकदा जळला की काही करता येत नाही.

ज्याला रोजचा स्वयंपाक येतो त्याला हा सॉस करताना नवं फार शिकावं लागत नाही. दोन-तीन सवयी तेवढ्या अर्धा तास बाजूला ठेवाव्या लागतात. जिन्नस पाचच: डब्यातले टोमॅटो, ऑलिव्ह तेल, लसूण, बेसिलची पानं, मीठ. दक्षिण इटलीत घरोघरी रोजच्या पास्त्याला होतो तो साधारण हाच सॉस. मसाल्याचा आधार नसल्यामुळे सगळी भिस्त टोमॅटोवर आणि तेलावर असते, म्हणून सुरुवात दुकानापासूनच करू.

डबा निवडताना

"मंडईत ढीग पडलेत टोमॅटोचे, आणि तू डबा विकत आणतोस?" हे आईचे शब्द. प्रश्न रास्त आहे. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून निघणाऱ्या टोमॅटोला क्रेटमध्ये बसून ट्रकनं लांबचा पल्ला गाठायचा असतो. म्हणून तो रंग धरू लागताच तोडतात, आणि जातही कडक सालीची, टिकाऊ लावतात. कोशिंबिरीला, साराला तो छान. आटवून सॉस करायला घेतला की मात्र रंग फिका पडतो आणि चव पाणचट लागते. डब्यातला टोमॅटो शेतातच पूर्ण लाल झालेला असतो. इटलीत त्याचा हंगाम जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत. माल तोडून थेट कारखान्यात जातो, वाफेवर साल सोलली जाते, टोमॅटोच्याच रसात तो डब्यात भरतात आणि डबा बंद करून तापवतात. त्यामुळे ऐन हंगाम सोडला तर तिथलेही लोक बिनदिक्कत डबा उघडतात. काही कुटुंबं आजही ऑगस्टमध्ये एक दिवस काढून वर्षभराच्या सॉसच्या बाटल्या घरीच भरतात. आजीपासून नातवंडांपर्यंत सगळे कामाला जुंपलेले, आपल्याकडच्या वाळवणाच्या दिवसांसारखे.

डब्यावरचे चार इटालियन शब्द ओळखता आले की निम्मं काम झालं. 'पेलाती' म्हणजे सोललेले अख्खे टोमॅटो. 'पोल्पा' म्हणजे बारीक केलेला गर. 'पासाता' म्हणजे बिया आणि साल काढून गाळलेला गुळगुळीत रस, हा बहुतेक काचेच्या बाटलीत मिळतो. 'कोंचेंत्रातो' म्हणजे आटवून घट्ट केलेली पेस्ट, ट्यूबमध्ये किंवा छोट्या डबीत. नवख्यानं पेलाती घ्यावेत. अख्खा ठेवायचा म्हणजे टोमॅटो मुळात चांगला असावा लागतो, आणि किती बारीक करायचा ते आपल्या हातात राहतं.

चौकोनी फोडींचा डबा शक्यतो टाळा. फोडींचा आकार टिकावा म्हणून त्यात बहुधा कॅल्शियम क्लोराइड घातलेलं असतं. ते त्याचं काम इतकं चोख करतं की तासभर उकळल्या तरी फोडी फोडीच राहतात, सॉस मिळून येत नाही. लेबलवर घटकांची यादी असतेच. टोमॅटो, टोमॅटोचा रस, फार तर सायट्रिक आम्ल आणि मीठ, इतकंच असेल तर डबा घ्या. लसूण आणि ओरेगॅनो आधीच घातलेले डबे परत ठेवून द्या, कारण त्यात वाळका लसूण असतो आणि सगळ्या सॉसला त्याचाच वास लागतो.

सान मार्झानो हे नाव तुम्हाला डब्यांवर वारंवार दिसेल. व्हेसुव्हियस पर्वताच्या परिसरात, नेपल्स आणि सालेर्नोच्या मधल्या सार्नो-नोचेरा पट्ट्यात पिकणारा हा लांबट, कमी बियांचा टोमॅटो. 1996 पासून त्याला युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण आहे. ते असलेल्या डब्यावर डीओपीचं लाल-पिवळं गोल चिन्ह असतं आणि 'पोमोदोरो सान मार्झानो देल आग्रो सार्नेझे-नोचेरिनो' असं लांबलचक नाव पूर्ण लिहिलेलं असतं. नुसतं 'सान मार्झानो' लिहिलेला डबा दुसऱ्या देशात पिकलेल्या टोमॅटोचाही असू शकतो. आणखी एक खूण: या संरक्षणात फक्त अख्खे किंवा उभे चिरलेले टोमॅटो येतात. डब्यात बारीक फोडी असतील आणि वर सान मार्झानो डीओपीचा दावा असेल, तर शंका घ्या. अर्थात पहिल्या खेपेला एवढा महागडा डबा आणू नका. कुठलेही चांगले इटालियन पेलाती चालतील. लसूण जळण्याची शक्यता पहिल्याच वेळी सर्वांत जास्त, ती स्वस्त डब्यावर जळू दे.

आपल्याकडे किराणा दुकानात मिळणारी पाकिटातली टोमॅटो प्युरी ही वेगळी चीज आहे. ती आधीच आटवलेली असते, आणि तिला एक शिजट वास येतो. तो पनीरच्या भाजीत मसाल्याखाली लपतो, इथे लपणार नाही. केचपचं तर नावही काढू नका.

भांडं, तेल आणि तुळशीचा घोळ

लोखंडी कढई नको, बिनकल्हईचं पितळ किंवा तांबं तर नकोच नको. आंबट पदार्थ त्यात कळकतो हे आपल्याला वेगळं सांगायला नको. साधं ॲल्युमिनियमही टाळा. जाड बुडाचं, पसरट स्टीलचं पातेलं सगळ्यात उत्तम. पसरट यासाठी की पाणी लवकर आटलं तर टोमॅटो कमी वेळ शिजतो आणि त्याची ताजी चव शाबूत राहते. उभ्या, अरुंद पातेल्यात हाच सॉस करायला पाऊण तास लागतो. कुकरचा तर प्रश्नच नाही, त्यात पाणी उडून जायला वाट कुठे आहे?

तेल एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्हच हवं. दुकानात 'पोमेस' नावाचं स्वस्त ऑलिव्ह तेल मिळतं, ते एकदा तेल काढून उरलेल्या चोथ्यातून काढून शुद्ध केलेलं असतं. तळायला ठीक आहे, पण त्याला स्वतःची चव जवळजवळ नसते. इथे पाचातला एक जिन्नस तेल आहे, त्यामुळे काटकसर दुसरीकडे करा.

आता बेसिल. भाषांतरात ती 'तुळस' होते आणि लोक अंगणातल्या वृंदावनातली पानं तोडून आणतात. तिला लवंगेसारखा उग्र वास असतो, सॉसचा काढा होतो. तुळस आणि इटालियन बेसिल एकाच कुळातल्या, पण जाती वेगळ्या. फालुद्यात घालतो तो सब्जा मात्र बेसिलच्याच जातीचा. त्यामुळे बेसिल नाही मिळाली आणि कुंडीत सब्ज्याचं रोप असेल, तर त्याची चार-पाच कोवळी पानं जास्त जवळची. तीही नसतील तर काही न घालता सॉस करा. वाळलेली बेसिल म्हणजे वाळकं गवत, असं माझं मत आहे.

प्रत्यक्ष कृती

चौघांसाठी 400 ग्रॅमचे दोन डबे, 4 टेबलस्पून म्हणजे 60 मिली तेल, लसणाच्या सहा मध्यम पाकळ्या, बेसिलची आठ-दहा पानं आणि मीठ. परदेशी पुस्तकांत तीन पाकळ्या लिहिलेल्या असतील, कारण तिकडची पाकळी चांगली अंगठ्याएवढी असते. गावठी लसूण असेल तर चार पुरेत.

आधी टोमॅटो एका खोलगट भांड्यात ओता आणि हातानं कुस्करा. यात एक गंमत आहे. अख्खा टोमॅटो मुठीत धरून दाबला की त्याच्या पोटातला रस पिचकारीसारखा उडतो. आमच्या ओट्यामागच्या फरशीवर छतापर्यंत त्याचे ठिपके गेले होते. टोमॅटो रसात बुडवून ठेवायचा, अंगठ्यानं त्याला भोक पाडायचं, आतला रस हळूच सोडायचा आणि मग कुस्करायचा. देठाकडचा कडक, पिवळट भाग हाताला लागतोच, तो काढून टाका. मिक्सर लावू नका: त्यात हवा शिरते, लाल रंगाचा केशरी-गुलाबी फेस होतो. सॉस अगदी गुळगुळीत हवा असेल तर घरातलं पुरणयंत्र काढा. इटालियन घरांत टोमॅटो गाळायला जे हातानं फिरवायचं यंत्र असतं ते आणि आपलं पुरणयंत्र ही एकच वस्तू आहे. होळी सोडून वर्षभर माळ्यावर पडून असतं, तेवढाच त्याला उपयोग.

डबा रिकामा झाला की त्यात पाव डबा पाणी घालून विसळा आणि ते पाणी बाजूला ठेवा.

आता सगळ्यात नाजूक काम. लसूण ठेचू नका, किसू नका. पाकळी सुरीच्या पात्याखाली दाबून नुसती फोडा किंवा जाडसर काप करा. पातेल्यात थंड तेल घ्या, थंड तेलातच लसूण टाका आणि मग गॅस लावा, तोही मंद. फोडणीला सरावलेल्या हाताला हे फार जड जातं, तीन मिनिटं काहीच घडत नाहीसं वाटतं. मग पाकळीभोवती बारीक बुडबुडे दिसू लागतात. पातेलं थोडं तिरकं केलं तर तेल एका कडेला जमतं आणि लसूण त्यात बुडून नीट परततो. पाकळीच्या कडा मऊ, जेमतेम सोनेरी झाल्या आणि वास स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला की थांबा. तांबूस होण्याची वाट पाहायची नाही. कडा तपकिरी झाल्याच तर पाकळ्या लगेच काढून टाका, त्यांची चव तेलात उतरलेली असते. काळ्या झाल्या तर तेलासकट ओतून द्या आणि नव्यानं सुरुवात करा. तेलाचा जीव तुटतो खरा, पण दोन डबे टोमॅटो वाया घालवण्यापेक्षा परवडतं.

गॅस बंद करा, अर्धा मिनिट थांबा आणि मगच टोमॅटो ओता. तापल्या तेलात थेट ओतलात तर अंगावर उडेल. विसळलेलं पाणीही घाला, बेसिलची निम्मी पानं देठासकट टाका आणि गॅस पुन्हा लावा. एक उकळी आली की मंद करा. झाकण ठेवायचं झालं तर अर्धवट, वाफ निघून जायला हवी.

किती शिजवायचं? पंचवीस ते तीस मिनिटं, पण घड्याळापेक्षा पातेल्यात बघा. सुरुवातीला बुडबुडे पाण्याचे असतात, पटापट फुटणारे. मग ते जड होतात आणि सॉस रटरटायला लागतो, अधूनमधून एखादा 'पप्प' करून फुटतो. नेपल्सच्या बोलीत या आवाजासाठी खास क्रियापद आहे, 'पिप्पियारे'. ते खरं तर रविवारी तासन् तास शिजणाऱ्या त्यांच्या मांसाच्या रश्श्याचं, म्हणजे रागूचं क्रियापद. आपल्या सॉसला एवढी तपश्चर्या नको, पण आवाज तोच. या टप्प्यावर लाकडी पळीनं तळ ढवळत राहा, नाहीतर खाली लागेल.

झाल्याच्या दोन खुणा. पळी तळावरून ओढली की मागे वाट पडते आणि ती क्षणभर तशीच राहते. आणि दुसरी खूण तुम्हाला आधीपासूनच माहीत आहे: कडेनं तेल सुटतं. टोमॅटोचा लाल रंग तेलात उतरतो, म्हणून सुटलेलं तेलही शेंदरी दिसतं, रश्श्यावरच्या तवंगासारखं. ते दिसलं की बंद.

मीठ शेवटी घाला. काही डब्यांत ते आधीच असतं, शिवाय आटता आटता खारटपणा वाढत जातो. सपाट चहाच्या चमच्याच्या पाऊण भागापासून सुरुवात करा, चाखा, लागलं तर वाढवा. उरलेली बेसिल हातानं फाडून टाका, वरून एक चमचा कच्चं ऑलिव्ह तेल, आणि पाच मिनिटं झाकून ठेवा.

आंबट झाला तर

नवख्यांची सगळ्यात जास्त तक्रार हीच. आमटीला गूळ लावायची सवय असल्यानं हात आपोआप गुळाच्या डब्याकडे जातो. थांबा. आधी अजून पाच-सात मिनिटं शिजवून पाहा, कच्चेपणालाही आपण आंबटपणा म्हणतो. मग मीठ पुरेसं आहे का ते पाहा, अळणी सॉस जास्त आंबट लागतो. तरीही आंबट असेल तर चमचाभर लोणी घाला, त्यानं धार बोथट होते. साखर अगदी चिमूटभर, गोडी जाणवू लागली की जास्त झाली समजा. खायच्या सोड्याची जेमतेम चिमूट आम्ल खरोखर मारते. घातल्यावर सॉस फसफसेल, घाबरू नका. पण सोडा अंदाजानं ओतलात तर सॉसला साबणाची चव येते, ती जात नाही.

पातळ राहिला तर झाकण काढून गॅस वाढवा. कॉर्नफ्लोअर लावू नका.

पास्त्याशी गाठ

माणशी 80 ते 100 ग्रॅम कोरडा पास्ता धरा. 100 ग्रॅमला एक लिटर पाणी, आणि लिटरला 10 ग्रॅम मीठ. पाकिटावर 10 मिनिटं लिहिलं असेल तर आठव्या मिनिटाला पास्ता काढा. पाणी ओतून देण्याआधी एक वाटीभर बाजूला ठेवा, ते गढूळ, पिठूळ पाणीच सॉस आणि पास्ता एकजीव करतं. आणि भातावर वरण ओततात तसा ताटातल्या पास्त्यावर सॉस ओतू नका. पास्ता सॉसच्या पातेल्यात घाला, दोन पळ्या ते पाणी घाला आणि मोठ्या आचेवर दोन मिनिटं परतत राहा. सॉस पास्त्याला चिकटला पाहिजे, ताटात त्याचं तळं होता कामा नये. दिलेल्या प्रमाणात 400 ग्रॅम पास्ता होतो. पास्ता सॉसमध्ये पोहायला हवा असं वाटत असेल तर ती आपली कालवून खायची सवय बोलतेय.

वरून किसलेलं चीज घालायचं असेल तर शाकाहारी वाचकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. खरं पार्मिजानो रेज्जानो वासराच्या जठरातल्या रेनेटनं विरजतात. ग्राना पादानोचंही तेच. चीजवर हिरवा ठिपका आहे का ते पाहून घ्या, भारतात बनलेल्या याच धाटणीच्या चीजवर बहुधा असतो.

थोडे फेरफार

लसणासोबत सुकी लाल मिरची तेलात टाकली की झाला रोमकडचा तिखट सॉस, आर्राब्बियाता. मिरची आपली बेडगी नको, तिला रंगच जास्त, तिखटपणा बेताचा. लवंगी एक पुरे.

लसूण आणि तेल दोन्ही वगळून, दोन डब्यांना 75 ग्रॅम लोणी आणि अर्धा करून ठेवलेला एक सोललेला कांदा, एवढंच पातेल्यात टाकून 45 मिनिटं मंद शिजवायचं, मग कांदा काढून घ्यायचा. यात जळण्यासारखं काही नसल्यामुळे घाबरट नवख्यांना हाच आधी करून पाहायला सांगावा की काय असं मला कधीकधी वाटतं. काढलेला कांदा पावाबरोबर खायचा, फेकायचा नाही. जैन पद्धतीनं करायचा तर कांदा-लसूण दोन्ही सोडून नुसतं तेल आणि बेसिल. तोही छान होतो, टोमॅटो मात्र उत्तम हवेत.

पिझ्झ्याला यातलं काहीच लागत नाही. नेपल्सच्या पद्धतीच्या पिझ्झ्यावर टोमॅटो न शिजवता घालतात: पेलाती कुस्करले, मीठ घातलं, झाला सॉस. भट्टीत तो शिजतोच.

उरला तर

अर्धा डबा टोमॅटो उरले तर ते डब्यातच फ्रिजमध्ये ठेवू नका, काचेच्या भांड्यात काढा. फुगलेला किंवा उघडताना फसकन उडालेला डबा चाखूनही पाहू नका, टाकून द्या. तयार सॉस फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतो, आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. फ्रीझरमध्ये तीनेक महिने. पण लोणच्यासारखी बरणी भरून, वर तेलाचा थर देऊन फडताळात ठेवायची कल्पना डोक्यातून काढा. लसूण आणि तेलाच्या अशा बंद, हवाविरहित मिश्रणात बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात, आणि ते वासावरून कळत नाहीत.

फ्रीझरसाठी प्लास्टिकचा डबा वापरणार असाल तर जुना वापरा. तो शेंदरी रंग प्लास्टिकमध्ये असा मुरतो की साबण, गरम पाणी, लिंबू, कशानं निघत नाही. उन्हात ठेवला तर चार-आठ दिवसांत फिका पडतो. आमचा सध्या गॅलरीत उपडा पडलाय.